नव्याने सज्ज केलेल्या मोटारसायकलीविषयीच्या समजुती

नव्याने सज्ज केलेल्या मोटारसायकलीविषयीच्या समजुती म्हणजे नवीन विकत घेतलेली, अथवा इंजिन उघडून व सुटे भाग बदलून शर्यतीसाठी किंवा दूरच्या प्रवासासाठी तयार केलेली मोटारसायकल प्रथमच मार्गावर आणताना पाळले जाणारे शकुन-अपशकुन, विधी व निषेध होत. चाकाखाली लिंबू ठेवणे, नारळ फोडणे, हँडलला लिंबू-मिरची किंवा काळा दोरा बांधणे, ठरावीक वार व तिथी टाळणे ही महाराष्ट्रातील त्यांची परिचित रूपे आहेत. मोटारसायकल शर्यतींच्या जगात अशा समजुती जवळजवळ सर्वत्र आढळतात. पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरात त्यांना वाहनपूजा, यंत्रपूजा आणि होडीपूजा या तीन जुन्या प्रथांची पार्श्वभूमी लाभली आहे.

या समजुतींमागे असलेली भीती पूर्णपणे निराधार नसते. नुकत्याच उघडून जोडलेल्या यंत्रात बिघाड होण्याची शक्यता काही काळ खरोखरच वाढलेली असते, हे अभियांत्रिकीच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. मात्र त्या बिघाडाची कारणे दृष्ट किंवा अपशकुन ही नसून सैल राहिलेला नट, ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा किंवा न मुरलेला टायर अशी असतात.

व्याप्ती

'नव्याने सज्ज' या शब्दप्रयोगात तीन प्रकारच्या मोटारसायकली येतात. पहिला प्रकार दुकानातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीचा. दुसरा प्रकार सर्व्हिसिंग किंवा इंजिनाची मोठी दुरुस्ती करून गॅरेजमधून परत आलेल्या गाडीचा. तिसरा प्रकार हौशी शर्यतपटू वापरतात त्या गाडीचा. आरसे, स्टँड, दिवे व नंबर प्लेट काढून, स्प्रॉकेट व टायर बदलून आणि काही वेळा इंजिनात फेरफार करून ती शर्यतीसाठी तयार केलेली असते. व्यावसायिक संघाकडे स्वतंत्र तंत्रज्ञ आणि सरावासाठी पुरेसा वेळ असतो. हौशी शर्यतपटू मात्र पुष्कळदा स्वतः किंवा ओळखीच्या मिस्त्रीच्या मदतीने शर्यतीच्या आदल्या रात्रीपर्यंत काम करीत असतो. तयार झालेली गाडी पूर्ण वेगाने चालविण्याचा पहिला प्रसंग त्याच्या बाबतीत प्रत्यक्ष शर्यतीतच येऊ शकतो. अनिश्चितता सर्वाधिक असते ती याच वेळी आणि समजुतींचा जोरही याच वेळी दिसतो.

भारतात मोटारसायकल शर्यती चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर येथील कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट या बांधीव मार्गांवर होतात. बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी मालिकेतील भारतातील पहिली शर्यत झाली. महाराष्ट्रात पुणे व नाशिक ही मातीच्या मार्गावरील शर्यतींची परिचित ठिकाणे आहेत. २०२४ साली पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉस प्रकारच्या लीग शर्यतीही भरविण्यात आल्या.

पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील पार्श्वभूमी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. पश्चिमेस समुद्रकिनारा, पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याचा आदिवासी भाग आणि मधून जाणारे पश्चिम रेल्वे व मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग अशी त्याची रचना आहे. नवी किंवा नव्याने सज्ज केलेली वस्तू वापरात आणण्यापूर्वी तिची पूजा करण्याच्या परंपरा या भागात तीन वेगवेगळ्या व्यवसायांत दिसतात.

पहिली परंपरा मच्छीमारांची आहे. सातपाटी, वडराई, मुरबे, दांडी, डहाणू इत्यादी गावांत जून-जुलै महिन्यांतील मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जातात. या दिवसांत फळ्यांच्या सांधी बुजविणे, रंग देणे, इंजिनाची दुरुस्ती करणे आणि जाळी विणणे ही कामे उरकली जातात. श्रावण महिन्यातील नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केला जातो आणि होडीची पूजा होते. हा विधी नव्याने सज्ज केलेल्या वाहनाच्या पहिल्या फेरीशी जोडलेला आहे.

दुसरी परंपरा औद्योगिक आहे. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. जवळच तारापूर अणुऊर्जा केंद्र असून भारतातील या पहिल्या अणुविद्युत केंद्रातून १९६९ साली व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. महाराष्ट्रातील कारखान्यांत व कार्यशाळांत खंडेनवमीला किंवा दसऱ्याला यंत्रे व हत्यारे स्वच्छ करून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहतात. उत्तर व पूर्व भारतातून आलेल्या कामगारांमध्ये १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजा करण्याची प्रथा आहे. कारखान्यात काम करणारा तरुण स्वतःच्या मोटारसायकलीकडेही पूजनीय यंत्र म्हणून पाहतो, यात म्हणूनच काही नवल नाही.

तिसरी परंपरा रस्त्यावरच्या वाहनचालकांची आहे. डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील महालक्ष्मीचे मंदिर महामार्गालगत असल्यामुळे जाता-येता अनेक चालक तेथे दर्शनासाठी थांबतात. चैत्र पौर्णिमेपासून तेथे मोठी यात्रा भरते. नवे वाहन प्रथम ग्रामदेवतेच्या किंवा कुलदेवतेच्या दर्शनाला नेण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र असून या परिसरातही ती रूढ आहे.

प्रमुख विधी व निषेध

मुहूर्त: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा व बलिप्रतिपदा या साडेतीन मुहूर्तांवर वाहनखरेदी करणे शुभ मानतात. भाद्रपद वद्य पक्षात, म्हणजे पितृपक्षात, अनेक कुटुंबे नवे वाहन घरी आणण्याचे टाळतात. अमावास्येला नव्या गाडीने पहिला प्रवास करू नये, अशीही समजूत आहे.

पूजा: गाडी धुऊन तिच्या पुढील भागावर किंवा पेट्रोलच्या टाकीवर कुंकवाने स्वस्तिक काढतात. हँडलला झेंडूचा हार घालतात आणि गाडीसमोर नारळ फोडतात. दसऱ्याला घरातील सर्व वाहनांची अशीच पूजा होते.

चाकाखाली लिंबू: पहिल्यांदा गाडी हलविताना चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडले जाते. नारळ, कोहळा व लिंबू ही पूर्वीच्या पशुबळीची प्रतीकात्मक रूपे असावीत, असे लोकसंस्कृतीचे अनेक अभ्यासक मानतात. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, फ्रान्समधील मेरिन्याक येथे भारताला पहिले राफेल विमान सुपूर्द करण्यात आले. त्या वेळी तत्कालीन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी विमानावर ओम रेखाटून त्याची पूजा केली आणि विमानाच्या चाकांखाली लिंबे ठेवण्यात आली. या घटनेमुळे ही प्रथा देशभर चर्चेचा विषय झाली.

लिंबू-मिरची: एक लिंबू व सात हिरव्या मिरच्या दोऱ्यात ओवून, बहुधा शनिवारी, दुकानाच्या दारावर किंवा वाहनावर टांगतात. काही ठिकाणी त्यात बिब्बा किंवा कोळसाही ओवतात. अलक्ष्मीला आंबट व तिखट प्रिय असल्याने ती दारातच ते खाऊन तृप्त होते आणि आत येत नाही, अशी त्यामागील लोककथा आहे. जुनी लिंबू-मिरची रस्त्यावर टाकतात आणि तिच्यावरून गाडी नेऊ नये, असा निषेध पाळला जातो.

दृष्ट: नव्या, चकचकीत वस्तूला दृष्ट लागते या कल्पनेतून काळा दोरा, काळी बाहुली किंवा मालवाहू गाडीच्या मागे लोंबणारी जुनी चप्पल या गोष्टी आल्या. नव्या गाडीला लवकर एखादा लहानसा ओरखडा पडला म्हणजे मोठे संकट टळले, असे समाधान करून घेण्याची रीतही याच कल्पनेतून निघाली आहे. शर्यतीच्या बैलाला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधण्याची प्रथा बैलगाडा शर्यतींमध्ये जुनी आहे. मोटारसायकलीच्या हँडलवरील काळा दोरा हे तिचेच नवे रूप म्हणता येईल.

जगभरातील शर्यतपटूंच्या समजुती

ब्रिटनजवळील आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून टीटी ही मोटारसायकल शर्यत होते. सामान्य रहदारीच्या रस्त्यांवर होणारी ही शर्यत अत्यंत धोकादायक मानली जाते. बेटावरील 'फेअरी ब्रिज' नावाच्या पुलावरून जाताना तेथील पऱ्यांना अभिवादन केले नाही तर अनर्थ ओढवतो, अशी स्थानिक समजूत आहे. शर्यतीपूर्वी तेथे जाऊन अभिवादन करण्याची रीत अनेक स्पर्धकांनी पाळली आहे.

अमेरिकेतील मोटारसायकलस्वार गाडीच्या खालच्या भागात, रस्त्याजवळ, एक लहान घंटा बांधतात. यंत्रात बिघाड घडवून आणणारे 'ग्रेमलिन' नावाचे खट्याळ जीव या घंटेत अडकतात, असे ते मानतात. घंटा स्वतः विकत घेण्यापेक्षा दुसऱ्याने भेट दिलेली असेल तर अधिक प्रभावी ठरते, अशीही समजूत आहे. ग्रेमलिन ही कल्पना ब्रिटनच्या हवाई दलातून आली. कारण न कळणाऱ्या बिघाडाचे खापर वैमानिक व तंत्रज्ञ त्यांच्यावर फोडत असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही कल्पना सर्वत्र पसरली.

मोटार शर्यतींमध्ये हिरवा रंग व १३ हा आकडा बराच काळ अशुभ मानला गेला. इटलीचा विश्वविजेता आल्बेर्तो आस्कारी याचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. आरंभी मोटारसायकल शर्यतींत भाग घेणारा आस्कारी काळ्या मांजराला घाबरे आणि स्वतःच्या शिरस्त्राणाबाबत अतिशय काटेकोर असे. २६ मे १९५५ रोजी मोंझा येथे दुसऱ्याचे शिरस्त्राण घालून गाडी चालवीत असताना तो अपघातात मरण पावला. त्याचे वडील आंतोनियो हेही २६ जुलै १९२५ रोजी शर्यतीतच दगावले होते आणि मृत्युसमयी दोघांचे वय ३६ वर्षे होते. ही कथा अनेकांना अपशकुनाचा पुरावा वाटते. तथापि शिरस्त्राण उसने घेऊनही सुखरूप परतलेल्या असंख्य चालकांची कथा कोणी सांगत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

अलीकडच्या काळातील सर्वांत परिचित उदाहरण इटलीचा मोटारसायकलपटू व्हालेंतिनो रॉसी याचे आहे. गाडीवर बसण्यापूर्वी तो तिच्या शेजारी खाली बसून पायटा हातात धरीत असे आणि काही क्षण मान खाली घालून स्तब्ध राहत असे. हा विधी मन एकाग्र करण्याशी जोडला जातो.

नव्याने सज्ज केलेल्या यंत्राचे वास्तव

यंत्रांच्या विश्वसनीयतेचा अभ्यास करताना काळ आणि बिघाडाचे प्रमाण यांचा जो आलेख काढतात, त्याचा एक प्रसिद्ध आकार न्हाणीच्या टबासारखा असतो. आरंभी बिघाड अधिक, मधल्या दीर्घ काळात कमी आणि यंत्र झिजल्यावर पुन्हा अधिक, असा त्याचा अर्थ. आरंभीच्या बिघाडांना सदोष सुटे भाग व जोडणीतील चुका प्रामुख्याने कारणीभूत असतात.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलातील कोस्टल कमांडसाठी काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी तपासल्या. या गटात जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन होते. विमानांची ठरावीक तासांनी नियमित तपासणी होत असे. अपेक्षा अशी होती की तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत. नोंदी मात्र उलटे सांगत होत्या. अनपेक्षित दुरुस्तीचे प्रमाण तपासणीनंतर लगेच वाढलेले असे आणि पुढील उड्डाणांबरोबर ते कमी होत जाई. नीट चाललेले यंत्र उघडल्यामुळेच नवे दोष शिरत होते, असा निष्कर्ष निघाला. दोन तपासण्यांमधील अंतर वाढविणे व अनावश्यक कामे कमी करणे हे उपाय लागू केल्यावर विमाने अधिक काळ उपलब्ध राहू लागली. वॉडिंग्टन यांचे या कार्यावरील पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि ही घटना 'वॉडिंग्टन परिणाम' म्हणून ओळखली जाऊ लागली.

१९७८ साली अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सचे अभियंते एफ. स्टॅन्ले नोलन व हॉवर्ड हीप यांनी विमानांच्या देखभालीवर एक सविस्तर अहवाल लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या घटकांपैकी ६८ टक्के घटकांमध्ये बिघाडाचे प्रमाण बसविल्यानंतर आरंभी अधिक आणि पुढे जवळजवळ स्थिर असे आढळले.

मोटारसायकलीच्या बाबतीत आरंभीच्या धोक्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

टायर: नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तो थोडा घासला जाईपर्यंत पकड कमी मिळते. म्हणून पहिले सुमारे १५० किलोमीटर गाडी जपून चालवावी व वळणावर एकदम तिरकी करू नये, असा सल्ला दिला जातो.

ब्रेक: नवे पॅड किंवा ब्रेक शू डिस्कशी अथवा ड्रमशी घासून बसेपर्यंत ब्रेक पूर्ण ताकदीने लागत नाही. ब्रेक ऑइल बदलताना नळीत हवा राहिल्यास लिव्हर मऊ लागते व दाबूनही गाडी वेळेवर थांबत नाही.

चेन व चाक: नवी चेन सुरुवातीच्या वापरात काहीशी सैल पडते. तारांच्या चाकातील नव्याने कसलेले आरेही पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावे लागतात. एक्सलचा नट योग्य ताणाने कसलेला नसेल तर चाकाची रेषा बिघडते.

इंजिन: नवे पिस्टन व रिंग सिलिंडरमध्ये मुरेपर्यंत दीर्घकाळ पूर्ण वेगाने इंजिन चालविणे घातक ठरते. ऑइल फिल्टरचे झाकण किंवा ऑइल काढण्याचा बोल्ट नीट बसला नसल्यास गळणारे तेल मागील टायरवर येऊ शकते.

पालघरच्या किनारपट्टीवर या यादीत खाऱ्या हवेची भर पडते. चेन, बोल्ट, केबलची टोके आणि विजेच्या जोडण्या येथे लवकर गंजतात. गंजलेला बोल्ट कसताना हाताला घट्ट लागतो. प्रत्यक्षात मात्र त्याची पकड अपुरी असू शकते. किनाऱ्यावरील वाळूतून गाडी चालविल्यावर ती गोड्या पाण्याने धुऊन चेनला वंगण देणे म्हणूनच आवश्यक असते.

यावरून 'नुकत्याच उघडलेल्या गाडीवर विश्वास ठेवू नये' या अनुभवसिद्ध सावधगिरीत तथ्य असल्याचे दिसते. अंधश्रद्धा सुरू होते ती या सावधगिरीचे कारण यंत्राबाहेर शोधण्यात.

मानवशास्त्रीय व मानसशास्त्रीय स्पष्टीकरण

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रॉब्रिअँड बेटांवर राहून तेथील समाजाचा अभ्यास केला. शांत खाडीत मासे पकडताना तेथील लोक केवळ आपल्या कौशल्यावर विसंबत. खुल्या समुद्रात जाताना मात्र ते विस्तृत जादूविधी करीत. धोका व अनिश्चितता जेथे अधिक, तेथे विधी अधिक, हा त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. याच ट्रॉब्रिअँड लोकांना होडी कशी बांधावी याचे उत्तम ज्ञान होते आणि विधी करतात म्हणून ते होडीच्या बांधणीत हयगय करीत नसत, हेही मॅलिनोव्स्की यांनी नोंदविले आहे. सातपाटीचा मच्छीमार नारळ अर्पण करण्यापूर्वी फळ्यांच्या सांधी बुजवितो, त्यातही हेच दिसते.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉर्ज ग्मेल्श यांनी १९७१ साली हा विचार बेसबॉल या खेळाला लागू केला. चेंडू अडविण्याच्या कामात यशाची खात्री मोठी असल्याने तेथे शकुन कमी दिसतात. चेंडू टाकणे व फटकावणे यांत अनिश्चितता मोठी असल्याने तेथे शकुनांची रेलचेल असते, असे त्यांनी दाखविले.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली कबुतरांवर एक प्रयोग केला. ठरावीक वेळाने आपोआप दाणा मिळण्याची व्यवस्था केली असता, दाणा मिळण्याच्या क्षणी जी हालचाल चालू होती तीच कबुतरे पुन्हा पुन्हा करू लागली. ज्या दिवशी शर्यत जिंकली त्या दिवशीचेच हातमोजे पुढे प्रत्येक शर्यतीत घालणाऱ्या स्पर्धकाचे वागणे याहून फार वेगळे नसते. शिवाय शकुन खरा ठरल्याचे प्रसंग लक्षात राहतात आणि खोटा ठरल्याचे विसरले जातात. त्यामुळे समजूत दृढ होत जाते.

शकुनाने कामगिरी सुधारते का, हा प्रश्नही तपासला गेला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात 'भाग्यवान' असे सांगून दिलेल्या चेंडूने गोल्फ खेळणाऱ्यांची कामगिरी अधिक चांगली झाल्याचे म्हटले होते. २०१४ साली दुसऱ्या संशोधकांनी अधिक मोठ्या गटावर तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा असा परिणाम आढळला नाही. शर्यतीपूर्वीच्या ठरावीक कृतीने मन स्थिर होत असले, तरी त्यामुळे गाडीच्या स्थितीत कोणताही फरक पडत नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाची भूमिका व कायदा

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने झाली. देवाधर्माला विरोध न करता शोषण करणाऱ्या अनिष्ट प्रथांना विरोध करणे, ही समितीची भूमिका राहिली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. हा कायदा नरबळी, अघोरी उपचार व चमत्काराच्या नावाखाली होणारी फसवणूक अशा कृत्यांना लागू होतो. वाहनाची पूजा करणे किंवा लिंबू-मिरची बांधणे हा त्याखाली गुन्हा नाही. 'गाडीवरची बाधा उतरवितो' असे सांगून भीती दाखवून पैसे उकळले जात असतील, तर मात्र तो प्रकार साध्या समजुतीच्या पलीकडे जातो.

शर्यतीच्या बाबतीत मोटार वाहन अधिनियम, १९८८ हाही महत्त्वाचा आहे. राज्य शासनाच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे हा कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा अपराध केल्यास कारावास एक वर्षापर्यंत व दंड १०,००० रुपयांपर्यंत वाढतो. महामार्गावर किंवा औद्योगिक वसाहतीच्या रुंद रस्त्यांवर रात्री लावल्या जाणाऱ्या शर्यती या तरतुदीखाली येतात. अशा शर्यतींत तांत्रिक तपासणी नसते, रुग्णवाहिका नसते आणि समोरून येणाऱ्याला शर्यतीची कल्पनाही नसते.

शर्यतपूर्व तपासणी

अधिकृत शर्यतीत प्रत्येक गाडीची तांत्रिक तपासणी होते. तिच्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय गाडी मार्गावर सोडली जात नाही. ऑइल काढण्याचा बोल्ट कंपनांनी सुटू नये म्हणून तो तारेने बांधलेला असणे, ब्रेक व क्लचच्या लिव्हरची टोके गोल असणे, ॲक्सिलरेटर सोडताच मूठ आपोआप मागे फिरणे, कोठूनही तेल अथवा इंधन न गळणे आणि शिरस्त्राण मान्यताप्राप्त दर्जाचे असणे अशा बाबी त्यात पाहिल्या जातात. सैल लोंबकळणारी कोणतीही वस्तू चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकते. त्यामुळे शर्यतीच्या गाडीवर हार, दोरा अथवा लिंबू-मिरची ठेवणे धोक्याचे असते.

सामान्य स्वारासाठी अमेरिकेतील मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने टायर, नियंत्रणे, दिवे, तेल, सांगाडा व स्टँड या क्रमाने तपासणीची एक सोपी यादी तयार केली आहे. हौशी शर्यतपटू व त्यांचे मिस्त्री काही जादा खबरदारी घेतात. कसलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या नटावर रंगाची रेघ ओढतात, म्हणजे तो जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. नट टॉर्क रेंचने, उत्पादकाने दिलेल्या मापानेच कसतात. ज्याने काम केले त्याच्याऐवजी दुसऱ्या व्यक्तीकडून अखेरची तपासणी करून घेतात. शर्यतीपूर्वी गाडी मोकळ्या, बंदिस्त जागेत हळू चालवून, पुन्हा थांबवून सर्व जोडण्या पाहतात. एका वेळी अनेक भाग न बदलण्याचा नियमही पाळला जातो, कारण त्यामुळे बिघाड झाल्यास कारण शोधणे सोपे जाते.

पूजा करावयाची असल्यास काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. हळदकुंकू, तेल किंवा नारळाचे पाणी ब्रेकच्या डिस्कवर व टायरवर पडू नये, कारण तेलकट डिस्कवर ब्रेक घसरतो. उदबत्ती व निरांजन पेट्रोलच्या टाकीपासून दूर ठेवावे. गाडी सुरू करण्यापूर्वी हँडलवरील हार काढावा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. फुटलेल्या करवंटीचे तुकडे मार्गातून उचलावेत.

दसऱ्याच्या पूजेपूर्वी गाडी स्वच्छ करण्याची रीत तपासणीला पूरक ठरते. धुतलेल्या गाडीवर तेलाची गळती, तडा गेलेली नळी किंवा हरवलेला बोल्ट लगेच नजरेस पडतो. विधी व तपासणी यांची वेळ एकच असल्याने एकीमुळे दुसरीची आठवण होऊ शकते. मात्र पूजा झाली म्हणून तपासणी राहून गेली, तर ज्या बिघाडाच्या भीतीने पूजा केली तो बिघाड गाडीत तसाच राहतो.